शिवी ही सवलत आहे

कुरुळी, चिंबळी, मोई, निघोजे या पट्ट्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहून सार्वजनिक प्रश्नावर बोलायला लागा. थोड्या वेळात कुणीतरी ते वाक्य म्हणतंच: "इथं नीट बोलून काही होत नाही." म्हणणारा कधी टेम्पोवाला असतो, कधी प्लॉटिंगवाला, कधी कंपनीतला पर्मनंट कामगार, तर कधी सोसायटीचा चेअरमन. इतक्या वेगवेगळ्या माणसांचं एका गोष्टीवर एकमत व्हावं हे आपल्याकडे दुर्मीळच. म्हणून त्यांना अडाणी ठरवून मोकळं होणं मला जमत नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मात्र मी मानतो. ते का, हे सांगण्याआधी त्यांची बाजू त्यांनी मांडली असती तितक्याच जोरात मांडून दाखवायला हवी. नाहीतर पुढचं सगळं बोलणं फुकट आहे.

तर त्यांचा पहिला पुरावा रस्त्याचा. शिफ्ट बदलायच्या वेळी पुणे-नाशिक महामार्गावर कंटेनर, कंपन्यांच्या बस आणि दुचाक्या एकमेकांत अडकून बसतात, आणि हे रोजचं आहे. या कोंडीवर किती निवेदनं दिली गेली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. निवेदन देतानाचा फोटो मात्र प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो. फोटोत साहेब हसतात, देणारेही हसतात, मग कागदावर आवकचा शिक्का बसतो आणि विषय संपतो. याउलट चाकणच्या चौकात रस्ता अडवला की तासाभरात राजगुरुनगरहून तहसीलदार हजर. आता सांगा, म्हणतात ते, कशाने काम झालं?

दुसरा पुरावा जास्त बोचरा आहे. "नीट बोल" हे वाक्य नेहमी वरून खाली जातं. सुपरवायझर कंत्राटी पोराला म्हणतो, घरमालक भाडेकरूला म्हणतो, साहेब शेतकऱ्याला म्हणतो. खालच्याने वरच्याला "नीट बोला" म्हटल्याचं कुणी ऐकलंय? म्हणजे सभ्यता हा ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने दुसऱ्याच्या तोंडावर बांधलेला रुमाल आहे. आणि तिसरा पुरावा मोबाइलचा: मोजून-मापून लिहिलेल्या मजकुराला चार अंगठे येतात, खरडपट्टी काढली की तो गावभर फिरतो.

तिन्ही गोष्टी घडतात, मी नाकारत नाही. त्यांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शिवी, टोमणा, बापजादे काढणं यांत कठोरपणा नाहीच. ती समोरच्याला दिलेली सवलत आहे. ज्या क्षणी तुम्ही त्याची लाज काढता, त्या क्षणी त्याला तुमच्या मुद्द्यावर उत्तर देण्याची गरज उरत नाही. तो तुमच्या जिभेवर बोलू लागतो. "हे काय बोलणं झालं?" एवढा एक प्रश्न विचारला की त्याची सुटका झाली. आणि बघणारे, जे दोन मिनिटांपूर्वी तुमच्या बाजूचे होते, तेही म्हणतात, मुद्दा बरोबर होता हो, पण असं बोलायला नको होतं. प्रश्न कचऱ्याचा होता, चर्चा संस्कारांची झाली.

याचा सगळ्यात चांगला फायदा कुणाला होतो हे पाहायचं असेल तर ग्रामसभा पाहावी. कायद्याप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणसंख्या म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतला कमी असेल तो आकडा. कोरमअभावी सभा तहकूब झाली तर त्या तहकूब सभेला पुन्हा कोरमची अट लागत नाही. आता साखळी जोडा. एका सभेत सांडपाण्याचा विषय निघतो. कुणीतरी सरपंचाचा खानदानी इतिहास काढतो, दुसरा खुर्ची उचलतो. प्रोसिडिंगच्या वहीत ओळ पडते: गोंधळामुळे कामकाज थांबवण्यात आलं. बाया तर त्या क्षणीच उठून गेलेल्या असतात. नोकरदार ठरवतो की पुन्हा या भानगडीत यायचं नाही. पुढच्या सभेला शंभर माणसं जमत नाहीत, ती तहकूब होते, आणि तहकूब सभेला जे पंधरा-वीस जण बसतात त्यांच्या हातांवर ठराव मंजूर होतो. खुर्ची उचलणारा पोरगा वर्षभर सांगत फिरतो की मी सरपंचाला चांगलाच झापला. सरपंचाला विचाराल तर तो त्या पोराला चहा पाजेल.

प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची अशी तरतूद कायद्यात आहे. ती करावी लागली, यातच मुख्य सभेत कोणत्या आवाजात बोललं जातं याची कबुली आहे, असं मला नेहमी वाटत आलंय.

इथे खडसावणारे, म्हणजे नीट बोलून काही होत नाही असं म्हणणारे, त्यांचं हुकमाचं पान टाकतात, आणि ते आपल्याच चाकणचं आहे. कोपर्डीच्या घटनेनंतर ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादला पहिला मराठा मूक मोर्चा निघाला. पुढे राज्यभर आणि बाहेरही अठ्ठावन्न मोर्चे झाले. लाखो माणसं, घोषणा नाही, दगड नाही, पुढे मुली, मागे मोर्च्याचा कचरा उचलणारे स्वयंसेवक. मग २०१८ च्या जुलैत आंदोलनाचा सूर बदलला. ३० जुलैला चाकणला बस आणि गाड्या जळाल्या, पोलिसांवर दगडफेक झाली. आणि नोव्हेंबरअखेर विधिमंडळाने आरक्षणाचा कायदा केला. "बघा," म्हणतात, "अठ्ठावन्न वेळा गप्प चाललो तेव्हा काही नाही, चाकण पेटलं आणि चार महिन्यांत कायदा."

मागणी योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. पण हा युक्तिवाद तपासू. विषय राज्य मागासवर्ग आयोगाकडे २०१७ मध्येच गेला होता, म्हणजे मूक मोर्चे सुरू असताना. न्यायमूर्ती गायकवाड यांच्या आयोगाने १५ नोव्हेंबर २०१८ ला अहवाल दिला, त्यावर कायदा उभा राहिला. जुलैच्या जाळपोळीने सरकारला घाई झाली असेल. ते मी नाकारत नाही. पण पुढे? मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायदा टिकवला, टक्का मात्र कमी केला. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडावी अशी अपवादात्मक परिस्थिती सिद्ध झाली नाही असं घटनापीठाला वाटलं. त्या खोलीत जळालेल्या बसचा काही उपयोग नव्हता. तिथे आयोगाची आकडेवारी आणि तिचा अर्थ एवढंच तोललं गेलं. ज्यांच्यासाठी गाड्या जाळल्या त्यांचा प्रश्न शेवटी कागदावरच येऊन थांबला, आणि गाड्या जाळल्याचा आरोप ज्यांच्यावर आला ती पोरं मात्र गुन्हे आणि अटकांच्या कचाट्यात सापडली. मूक मोर्च्यांनी जे कमावलं होतं, म्हणजे ज्यांना मागणी मान्य नव्हती त्यांनीही त्या शिस्तीला दिलेली दाद, ती एका दिवसात किती खर्ची पडली, हा हिशेब खडसावणारे कधी मांडत नाहीत.

आता रास्ता रोकोचा मुद्दा. तो मी टाळणार नाही, कारण त्याचं सर्वांत चांगलं उदाहरणही इथलंच आहे आणि ते त्यांच्या बाजूचं आहे असं त्यांना वाटतं.

शरद जोशी हे नाव चाकण परिसरातल्या म्हाताऱ्या कांदेकऱ्यांसमोर काढून बघा. टपाल खात्यातली अधिकाराची नोकरी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत काम. ते सगळं सोडून हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला आला आणि कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला लागला. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली ती इथे. 'वारकरी' नावाचं साप्ताहिकही त्याच काळात इथूनच निघायचं. १९८० मध्ये कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला गेला, तोही इथेच. म्हणून खडसावणारे म्हणतात, जोशींनीसुद्धा रस्ताच अडवला ना?

अडवला. पण त्यांनी अडवण्याआधी काय केलं ते विसरू नका. स्वतःच्या रानात पीक घेऊन त्याचा खर्च लिहिला. बियाणं, खत, पाणी, बैल, घरच्या माणसांची मेहनत, मजुराची रीतसर मजुरी, सगळं धरून. तोवर शेतकरी भाव मागायचा तो गयावया करून किंवा चिडून. जोशींनी त्याच्या हातात वही दिली. मागणी एकच ठेवली, उत्पादन खर्चावर आधारलेला भाव. शेतकरी आळशी आहे, तो अडाणी आहे, लग्नात उधळतो, म्हणून कर्जात बुडतो, असं शहरातली शिकलेली माणसं तेव्हा सर्रास म्हणत. त्यांना जोशींनी शिव्या घातल्या असत्या तर ती माणसं आरामात झोपली असती. त्यांच्यासमोर हिशेब आला तेव्हा त्यांना उत्तर शोधावं लागलं. भाव वाढवले तर शहरातल्या गरिबाचं काय, फायदा बड्या बागायतदारांनाच होणार नाही का, असे आक्षेप डाव्यांनी आणि अर्थतज्ज्ञांनी घेतले, आणि जोशी त्यांना वर्षानुवर्षं मुद्द्यावर उत्तरं देत राहिले. सगळी पटण्यासारखी होती असं मी म्हणत नाही. पुढे खुल्या बाजाराच्या बाजूने ते उभे राहिले तेव्हा देशातले अनेक शेतकरी नेते त्यांच्या विरोधात होते. पण त्यांच्याशी भांडायचं तर आकडे घेऊन यावं लागायचं, ही पातळी त्यांनी घालून दिली.

रस्ता अडवल्यामुळे सरकार बोलायला आलं. पण बोलायला बसल्यावर टेबलावर ठेवायला काही नसेल तर रस्ता मोकळा होतो आणि सगळं जिथल्या तिथे राहतं. आज आपल्याकडे रास्ता रोको होतो, तहसीलदार येतात, आणि मग आपल्याकडे सांगायला काय असतं? "काहीतरी करा साहेब." साहेब म्हणतात करतो. रस्ता उघडतो. म्हणजे पुराव्याचा दोष नाही, पुरावा अर्धा वाचला गेला आहे.

आणि हो, शरद जोशी गोड बोलणारे नव्हते. त्यांचा उपरोध चांगलाच लागायचा. मी सन्मानाने वाद घालण्याची बाजू मांडतोय म्हणजे गुळचटपणाची मांडतोय असा समज करून घेण्याची घाई काहींना असते, म्हणून हे सांगितलं.

इथून दुसऱ्या पुराव्याकडे येतो, "नीट बोल" नेहमी खालच्यालाच सांगितलं जातं त्याकडे. हे खरं आहे, आणि ज्याला हे सांगितलं जातं त्याने चिडू नये असा उपदेश करणारा मी कोण? चीड हवीच. प्रश्न तिचं काय करायचं हा आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं तेव्हा त्या रागाने पेटलेल्या होत्या, आणि तो राग पानोपानी दिसतो. पण त्यांची रीत बघा. पुरुषांनी बायकांवर लादलेला एकेक दोष त्या हातात घेतात, आणि तोच दोष पुरुषांत कसा आणि किती आहे हे दाखवतात. म्हणजे समोरच्याचा आरोप गाळत नाहीत, तोच तपासतात. त्या पुस्तकावर तुटून पडलेल्यांना पुढे जोतीरावांनी उत्तर दिलं.

आणि बाबासाहेबांचं बघा. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं, भाषणाचा मसुदा वाचून हादरले, आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या पैशाने छापलं. त्यात हिंदू समाजाबद्दल जे म्हटलंय त्याहून कठोर त्या काळात कुणी फारसं बोललं नसेल. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय करावं? गांधीजींची ती टीका त्याच पुस्तकात छापली, आणि त्यापुढे आपलं उत्तर. ज्या माणसाशी त्यांचा टोकाचा विरोध होता त्याचं म्हणणं आपल्या वाचकाच्या हातात स्वतः दिलं. वाचा, आणि मग माझं वाचा. याला मी प्रतिपक्षाचा सन्मान म्हणतो. यात आदरार्थी बहुवचनाचा काही संबंध नाही, आणि आवाज खाली ठेवण्याचाही नाही. समोरच्याचं म्हणणं न वाकवता पुढे ठेवायचं आणि मग ते मोडायचं. खालच्या माणसालाही हे करता येतं, आणि वरच्या माणसाला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते, कारण शिवी देणाऱ्याला "नीट बोल" म्हणता येतं. या माणसाला काय म्हणणार?

मध्येच एक बाजूची गोष्ट. अशा चर्चेत कुणीतरी तुकोबांची काठी काढतोच. देहू इथून जवळ, त्यामुळे आमच्याकडे तर जरा जास्तच. नाठाळाच्या डोक्यात हाणायची ती काठी सगळ्यांच्या तोंडपाठ असते, त्याच अभंगातला मेणासारखा मऊपणा कुणाला आठवत नाही. बरं, तुकोबांनी प्रत्यक्षात काय केलं म्हणून परंपरा सांगते? ज्या रामेश्वर भटांमुळे गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली, त्यांच्या दारात तुकोबा काठी घेऊन गेले नाहीत. नदीकाठी बसून राहिले. तेच भट पुढे त्यांचे भक्त झाले आणि तुकोबांची आरती त्यांच्या नावावर सांगितली जाते. संतकथेचा पुरावा मी न्यायालयात देणार नाही. पण काठीवाल्यांनी तरी तो देऊ नये.

आता मला खरं ज्यांच्याशी भांडायचंय त्यांच्याकडे वळतो. "आम्हाला असं बोलता येत नाही, हे शिकलेल्या लोकांचं काम" असं म्हणणारे आमच्याच पट्ट्यातले कामगार. माझं उत्तर असं, की तुम्हाला हे येतं, आणि तुम्ही रोज आठ तास करता.

चाकणच्या कुठल्याही बऱ्या कंपनीत एखादा पार्ट रिजेक्ट झाला की काय होतं? लाइनवर तात्पुरती शिवीगाळ होत असेल, पण कागदावर काय जातं? व्हाय-व्हाय. पाच वेळा का विचारायचं. टोयोटाच्या कारखान्यांतून निघालेल्या या रीतीचा कागद आज आपल्याकडे बारावी झालेला ट्रेनीसुद्धा भरतो. छिद्र तिरकं का पडलं? फिक्श्चर हललं. का हललं? क्लॅम्प ढिला होता. का? बदलायची तारीख उलटून गेली होती. का? चेकशीटमध्ये तो रकानाच नव्हता. "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं" असं लिहून चालत नाही; चांगला ऑडिटर तो कागद परत फेकतो. तो म्हणतो, लक्ष नसेल, पण ते लक्ष नसतानाही चुकीचा पार्ट पुढे जाऊ शकला, तो कसा?

हाच माणूस शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये बसतो, मोबाइल काढतो, आणि गावच्या ग्रुपवर लिहितो: हे सगळं त्या बाहेरच्यांमुळे झालंय. पहिल्याच 'का'ला थांबला. 'ऑपरेटरचा दोष' लिहून मोकळा झाला. कंपनीत हा कागद त्याच्या तोंडावर परत आला असता, इथे त्याला तीस अंगठे मिळतात. कौशल्य आहे; ते गेटवरच्या पंचिंग मशीनजवळ काढून ठेवलं जातं. का, तर गेटच्या आत चुकलं तर माल परत येतो आणि त्याचे पैसे कापले जातात. गावच्या प्रश्नात चुकलं तरी माल परत येतो, पण तो पाच वर्षांनी येतो, आणि कुणाच्या नावावर येत नाही.

हे हवेत राहू नये म्हणून आमच्या भागात सध्या सगळ्यात जास्त डोकी फोडणारा विषयच घेतो. इंद्रायणीचा पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द संपते आणि आमच्या ग्रामपंचायती सुरू होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हा उपमुख्यमंत्री असलेले अजित पवार चाकणच्या कोंडीची पाहणी करायला आले आणि या भागासाठी वेगळी महापालिका करावी लागेल असं सांगून गेले. वेगळी महापालिका, पिंपरी-चिंचवडमध्ये विलीन होणं, की आहे ती ग्रामपंचायतच बरी? प्रश्न जुना होता, त्या दिवसापासून पुन्हा पेटला.

वाद कसा होतो ते सांगतो. महापालिका हवी म्हणणाऱ्याला दुसरी बाजू म्हणते: तू बाहेरचा, भाडेकरू, उद्या नोकरी बदलली की उठून जाशील, तुला गावाचं काय? नको म्हणणाऱ्याला पहिली बाजू म्हणते: गुंठामंत्री, बापाची जमीन विकून गाडी उडवतोय, खोल्यांचं भाडं बुडेल म्हणून ओरडतोय. झालं. या दोन शब्दांवर रात्री साडेअकरापर्यंत भांडण चालतं.

नुसता अपमान होतो एवढंच याचं नुकसान नाही. या भाषेमुळे माणसं आपलं खरं कारण सांगतच नाहीत. दोन एकर उरलेल्या शेतकऱ्याची खरी भीती अशी असते की विकास आराखडा आला की नेमकं आपल्याच वावरावर बागेचं किंवा शाळेचं आरक्षण पडेल आणि शेजारच्या पुढाऱ्याचं सुटेल. ही भीती अगदी रास्त आहे. पण ती बोलली की "बघा, जमिनीसाठीच चाललंय" असं ऐकावं लागणार, म्हणून तो म्हणतो, आमची गावाची संस्कृती बुडेल. भाडेकरूची खरी तक्रार अशी असते की पगारातला मोठा भाग टँकरच्या पाण्यात जातो आणि ग्रामपंचायतीत त्याला कुणी ओळखत नाही. पण तो म्हणतो, इथली लोकं मागास आहेत. मग संस्कृती विरुद्ध मागासपणा असं घनघोर युद्ध होतं, ज्यात दोघांच्याही मनातली गोष्ट नसते. खोट्या कारणांवरचा वाद कधी संपत नाही, कारण कुणी हरलं तरी त्याचं काही गेलेलं नसतं.

खरी कारणं बाहेर आली तर दिसेल की इथे तीन निरनिराळे वाद एकात गुंतलेत. एक माहितीचा: घरपट्टी किती वाढते, ड्रेनेज किती वर्षांत येतं. याला भांडायची गरजच नाही. मोशी, चिखली, चऱ्होली ही गावं १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये गेली. मोशी तर पुलापलीकडे आहे. गाडीला किक मारा, तिथल्या दहा जुन्या घरांत जाऊन पावत्या बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली, तिथल्या लोकांनी कराचा बोजा आणि न मिळालेल्या सोयी यांवर रान उठवलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने त्यांना पुन्हा बाहेर काढायचं ठरवलं. त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. मोशीचे मोठे रस्ते दाखवणाऱ्याने फुरसुंगीचं नाव स्वतःहून घेतलं पाहिजे, आणि फुरसुंगी फुरसुंगी करणाऱ्याने मोशीचं. असं करणारा माणूस मी आमच्या ग्रुपवर अजून पाहिलेला नाही. ज्या दिवशी पहिला निघेल त्या दिवशी त्याच्यावर दोन्हीकडून संशय घेतला जाईल, आणि तरी सगळे त्याचंच वाचतील.

दुसरा वाद पसंतीचा: निर्णय ओळखीच्या सरपंचाने घ्यावेत की नियमाने चालणाऱ्या अनोळखी आयुक्ताने. यात कुणी चूक नाही, कुणी बरोबर नाही. इथे मतं मोजायची असतात, माणसं मोडायची नसतात. तिसरा वाद विश्वासाचा, आणि तो सगळ्यांत अवघड. आरक्षणं टाकताना पक्षपात होणार नाही याची हमी कोण देणार? याचं उत्तर भाडेकरूकडे नाही, गुंठामंत्र्याकडेही नाही, ते सरकारकडे आहे. म्हणजे या मुद्द्यावर तर दोघांनी मिळून एका कागदावर सही करून ते मागायला हवं. पण रात्री साडेअकराला एकमेकांना जे म्हटलंय त्यानंतर सकाळी एका कागदावर सही कोण करणार? ज्याला आरक्षणं हवी तशी टाकायची आहेत त्याच्यासाठी यापेक्षा सोयीची गोष्ट दुसरी नाही. सवलत म्हणालो ती ही.

राहिला मोबाइलचा पुरावा: तिखट लिहिलं की पोचतं. पोचतं, खरंय. कुठे पोचतं यावर तुमचा ताबा नसतो. जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या विटंबनेच्या पोस्टवरून पुणे तापलं होतं. २ जूनला हडपसरमध्ये नमाजाहून परतणाऱ्या मोहसीन शेख या आयटीतल्या तरुणाला जमावाने मारून टाकलं. त्या पोस्टशी त्याचा काहीही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे मेला तो तिसराच, आणि दोषी कुणीच ठरलं नाही. त्या दिवसांत ज्यांनी चवताळून पुढे ढकललं त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण कुणाच्या अंगावर काय सोडलं याची कल्पनाही नसेल.

यावर एक शेवटचा आक्षेप येतो, तो मला खडसावणाऱ्यांकडून नाही, थकलेल्यांकडून येतो. ते म्हणतात, नीट बोलून बघितलं, समोरचा बदलत नाही. अहो, तो बदलणार नाहीच, निदान सगळ्यांसमोर तर नाहीच. चारचौघांत "माझं चुकलं" म्हणणं आपल्याकडे मरणाहून अवघड. पण दोनशे जणांच्या ग्रुपवर बोलतात दहा-बारा जण. बाकीचे गप्प वाचतात. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत वाचतात, स्वयंपाक उरकून वाचतात. मतदान तेच करतात, ग्रामसभेत हात वर करायचा की नाही हेही तेच ठरवतात. तुम्ही ज्याला उत्तर देताय असं वाटतं त्याच्यासाठी तुमचं उत्तर नसतंच. ते त्या एकशे नव्वदांसाठी असतं, आणि त्यांना तुमचा राग तुमच्याइतका वाटत नसतो. त्यांच्या लक्षात एवढंच राहतं की एकाने विचारलेल्याचं उत्तर दिलं आणि दुसऱ्याने दिलं नाही.

आणि कुणी केवळ पेटवायलाच बसला असेल, रोज नवा खोटा मजकूर टाकत असेल, तर त्याच्याशी वाद घालण्याचं बंधन कुणावरच नाही. एकदा, पुराव्यासह, खोटं आहे ते सांगावं आणि गप्प बसावं. सन्मानाने वाद घालायचा म्हणजे प्रत्येकाशी घालायचा, असं काही नाही. जो वेळ वाचेल त्यात पुढच्या ग्रामसभेची नोटीस कधी लागते ते पाहावं, विषय आधीच लेखी द्यावा, आकडे सोबत न्यावेत, आणि ठराव मान्य नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला सांगावं: माझा विरोध कारणासह लिहा, आणि लिहिलेलं मला वाचून दाखवा.